बिनभोकाची टाकी

आमच्या घराण्यात प्रत्येकाला एकेक काम वाटून दिलेलं आहे. मोठे भाऊ लग्नाच्या तिथी पाहतात, मेव्हणा मंडपवाल्याशी भांडतो, आणि जेवणं आटोपली की मी खुर्ची ओढून गोष्टी सांगतो. हे काम मला कुणी दिलं नाही, मीच घेतलं. बारावी नापास, पोट सुटलेलं, धंदा कूलर दुरुस्तीचा. अशा माणसाकडे चारचौघांत बसायला एक तोंड सोडलं तर दुसरं काय असतं?

माझी सगळ्यात चाललेली गोष्ट कोरड्या दिवसाची. देवळीच्या हॉलमध्ये झाली, नागपूरला दोनदा झाली, एका तेरवीतसुद्धा झाली आणि विधवा बाईही पदरात हसली. त्या गोष्टीत एक मिशीवाला इन्स्पेक्टर आहे, त्याच्या हातात काठी आहे, आणि मी त्याच्यापुढे थरथर कापतो. ही गोष्ट मी आज जशी घडली तशी सांगणार आहे. इन्स्पेक्टर, मिशी आणि काठी तिघंही यात नाहीत.

माझं दुकान वर्ध्याहून सावंगीला जाणाऱ्या रस्त्यावर. उन्हाळ्यात होस्टेलच्या पोरांना कूलर भाड्यानं देतो, वाळ्याच्या ताट्या बदलून देतो, जळालेल्या पंपाचं वाइंडिंग भरून देतो. पावसाळा लागला की धंदा बसतो आणि माझं तोंड सुटतं. मला एकच मुलगी. ती नागपूरहून फिजिक्सची एम.एस्सी. होऊन आली ती डोक्यात एक भलतंच खूळ घेऊन. फिरत्या पृथ्वीवर डोंगरावरून हवा कशी वाहते, याचं गणित ती लॅपटॉपवर करायची. हवेचे लहान लहान चौकोनी डबे पाडायचे, एका डब्यातून दुसऱ्यात किती हवा गेली ते यंत्राला विचारायचं. तासनतास चालायचं ते. लॅपटॉप तापायचा, तेव्हा मी त्याच्यासमोर एक छोटा कूलर लावून दिला. हवेचं गणित करणाऱ्याला हवा घालणारा मी, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

नातेवाईक तिला सोडत नसत. तिची आत्या म्हणाली, "काऊन व, वर्ध्यात पहाड कुठी हाय? पहाड पाह्याले लोकं चिखलदऱ्याले जातात, अन् तू घरात बसून पाहून राह्यली?"

मी लगेच भर घातली. "तिले पहाड नाई लागत. पहाड तिच्या डोक्यात हाय. आम्ही सकाळी त्याच्या सावलीत चहा घेतो."

सगळे हसले. मुलगीही हसली. ती तेव्हा हसत असे.

पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत एका सरांकडे पीएच.डी.ची एक जागा होती. सरांनी तिचं गणित पाहिलं, बरं आहे म्हणाले, आणि अट घातली. नुसत्या कॉम्प्युटरवाल्यांना मी घेत नाही. जे गणितात येतं ते पाण्यात करून दाखव, स्वतःच्या हातानं. अमुक शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत व्हिडिओ पाठव. त्यांच्याकडे असं दुसरंही एक नाव होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं.

तिला हवं होतं ते असं. एक गोल टाकी, आतून पांढरी. तळाला एक उलटी वाटी चिकटवलेली, तो डोंगर. वाटीच्या चौपट उंच पाणी. टाकी आपल्या जागी गोल फिरत राहिली पाहिजे, सहा सेकंदांत एक फेरा, जराही न डगमगता. टाकीलाच एक दांडा, दांड्यावर मोबाईल, तोंड खाली. म्हणजे मोबाईलही टाकीबरोबर फिरेल आणि त्याला टाकी स्थिर दिसेल, जसं आपल्याला जमीन स्थिर दिसते. सगळं पाणी टाकीच्या वेगानं फिरायला लागलं की टाकीचा वेग किंचित कमी करायचा. पाणी पुढे धावेल, वाटीवरून जाऊ पाहील. मग पाण्यात लाल औषधाचा, म्हणजे परमँगनेटचा, खडा सोडायचा आणि रंग कुठे जातो ते पाहायचं.

"पाणी वाटीच्या वरून जाईन," मी म्हणालो. "वर तं मोकळं पाणी हाय."

"नाई जात, बाबा. हेच तं हाय. वर मोकळं हाय तरी नाई जात. पाणी फिरत असलं की वाटीच्या वरचं पाणी बी वाटीसारखंच वागते. जसा तिथं वरपर्यंत खांब हाय. रंग त्या खांबाले वळसा घालून जाते, अन् खांबाच्या आतलं पाणी तिथंच राह्यते."

"खांब दिसते?"

"दिसत नाई. रंग वळला की समजते."

मला काही ते पटलं नाही. पण पत्र्याचं काम म्हटल्यावर मी हरखलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या अभ्यासात माझं काही काम निघालं होतं. भंगारातून ट्रकच्या वायपरची मोटर आणली, ती मुळातच हळू फिरते. तिला पुली लावून आणखी हळू केली. स्कूटरचं बेअरिंग, इन्व्हर्टरची बॅटरी. टाकीसाठी नवा जीआय पत्रा कापला, गोल वळवला, झाळून घेतला.

ती दोनदा येऊन सांगून गेली, "बाबा, भोक नको. बुडाले भोक पाडू नका."

तीस वर्षं मी कूलरच्या टाक्या बनवतोय. टाकी म्हटली की बुडाशी, बाजूच्या पत्र्याला भोक आणि भोकाला रबराचं बूच, नाहीतर गिऱ्हाईक पाणी काढणार कसं? माझ्या हातानं भोक पाडलं. मला कळलं तेव्हा बूचही बसवून झालं होतं. तिनं टाकी पाहिली, बुचावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "राहू द्या. फक्त याले कोणी हात लावू नका."

दुकानाच्या मागच्या शेडमध्ये ते सगळं मांडलं. आठवडाभर जमलं नाही. कधी टाकी डगमगायची, कधी पाणी आतून ढवळल्यासारखं व्हायचं. मग तिच्या लक्षात आलं की ताजं भरलेलं पाणी चालत नाही. नळाच्या पाण्यात बुडबुडे असतात, वरच्या टाकीतलं पाणी उन्हानं तापलेलं असतं, आणि गरम पाणी आपल्याआपणच वरखाली करतं. पाणी दोन दिवस टाकीत नुसतं ठेवायचं, शेडच्या हवेइतकं होऊ द्यायचं, मग फिरवायचं. फिरवल्यावर कागदाचा कपटा वर टाकायचा. कपटा टाकीबरोबर फिरला, मागेपुढे सरकला नाही, की पाणी "लागलं". हा तिचा शब्द. ती स्टुलावर बसून पाणी लागायची वाट बघायची, आणि मी समोरच्या पानठेल्यावर सांगायचो की आमच्या घरी एक मुलगी पाण्याला पाहायला बसली आहे, पाण्याकडून होकार यायचा आहे.

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात, ज्या मी हॉलमध्ये कधी सांगत नाही.

एक अशी. त्याच आठवड्यात एका गिऱ्हाईकाला मी ती टाकी दाखवत होतो, हातवारे करून. पृथ्वी अशी फिरते, हवा अशी उडते, डोंगर असा आडवा येतो. मुलगी मागून आली. म्हणाली, "बाबा, तुमी फक्त पुली पाहा न. बाकीचं तुमच्याच्यानं नाई होत." वाईट बोलली नाही, घाईत बोलली. पण गिऱ्हाईक हसलं. लोकांना मी हसवतो तेव्हा हसू माझ्या हातात असतं. ते हसू माझ्या हातात नव्हतं.

दुसरी अशी. डेंग्यूचे दिवस होते. आमच्या वार्डात शनिवारी कोरडा दिवस पाळतात. घरातली साठवलेली सगळी भांडी उपडी करायची, कूलर रिकामे करायचे, म्हणजे डासाची अळी मरते. आशाताई टॉर्च घेऊन दारोदार फिरतात. मागच्या शनिवारी त्यांना माझ्या दुकानातल्या एका जुन्या कूलरमध्ये अळ्या सापडल्या होत्या. पानठेलेवाला तेव्हापासून मला पाहिलं की दोन बोटं कानाशी नेऊन डासासारखा आवाज काढायचा. "कूलरवाल्याच्या कूलरात पाळणाघर," असं तो सगळ्या रस्त्याला सांगत होता. म्हणजे माझ्या जागेवर दुसरा माणूस बसला होता आणि गोष्ट माझ्यावर होती.

तो शनिवार आला. पाणी गुरुवारी संध्याकाळपासून भरून ठेवलेलं. सकाळी आठला तिनं टाकी सुरू केली. अकराच्या सुमारास कपटा टाकला. कपटा हलला नाही. ती उठून माझ्याकडे आली आणि माझा दंड धरला, लहानपणी जत्रेत धरायची तसा.

"बाबा, लागलं. असं कधीच नवतं लागलं."

मग तिनं परमँगनेटची पुडी उघडली तर खडे ओल धरून भुकटी झालेले. भुकटी चालणार नव्हती, पाण्यावरच पसरली असती. मेडिकलमधून नवे आणावे लागणार होते.

"पंधरा मिनिटांत येते. तुमी इथंच बसा. कोणाले येऊ देऊ नका." तिनं वहीचं पान फाडलं, लिहिलं आणि टाकीशेजारच्या खांबाला चिकटपट्टीनं लावलं. "बाबा, याला हात लावू नका. संध्याकाळी पाचपर्यंत." मोबाईल दांड्यावरच होता, तो काढला असता तर टाकी हलली असती. ती मोबाईलशिवाय सायकल काढून गेली.

मी बसलो. टाकी फिरत होती, आवाज नव्हता. पाणी इतकं स्थिर की तळाची वाटी पाण्याबाहेर ठेवल्यासारखी दिसत होती.

आशाताई आल्या. बारीक अंगाची, घामेजलेली बाई, खांद्याला पिशवी. मागोमाग पानठेलेवाला आला, कारण मागच्या शनिवारचा खेळ त्याला पुन्हा बघायचा होता. त्याच्यामागे आणखी दोघंतिघं.

"काका, हे काय हाय?" आशाताईंनी टॉर्च मारली. "कधीचं पाणी?"

"गुरुवारचं," मी म्हणालो.

"अबे, हे तं बाळंतपणाची खोली दिसून राह्यली!" पानठेलेवाला म्हणाला. "डासाच्या पोराईले पाळण्यात फिरवून राह्यले काका!"

हसले सगळे. आशाताई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "राहू द्या काका. फिरून राह्यलं न. फिरत्या पाण्यात अळी नाई होत. पोरीचा अभ्यास हाय ना? उद्या रिकामं करजा."

तिथं संपलं होतं. बाईनं सोडून दिलं होतं. मला फक्त "बरं" म्हणायचं होतं.

पण चारपाच तोंडं माझ्याकडे बघत होती, आणि मला दिसलं की आता हे हसू उचलून आपल्या बाजूला घेता येईल. मी उठलो, शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"नाई नाई ताई. कायदा म्हणजे कायदा. मागच्या शनिवारी माह्या कूलराची अब्रू गेली, आज पहाडाची जाईन. मोठ्या पहाडाले एक न्याय अन् गरीब कूलराले एक न्याय?"

मोठ्यानं हसले. पानठेलेवाला तर मांडीवर थाप मारून हसला.

बूच माझ्यासमोरून दर सहा सेकंदांनी जात होतं. पहिल्यांदा मी हात पुढे केला आणि जाऊ दिलं. लोक आणखी हसले. दुसऱ्यांदाही जाऊ दिलं, नाटक म्हणून. खांबावरची चिठ्ठी नाकासमोर होती, तिचं अक्षर वळणदार आहे, चष्म्याशिवाय वाचता येतं. तिसऱ्यांदा बूच आलं तेव्हा मी ते ओढलं.

टाकी फिरतच होती, त्यामुळे पाण्याची धार गोल फिरत सगळ्यांच्या पायांवर आली. पानठेलेवाला उडी मारून मागे सरला, चप्पल चिखलात राहिली. इतकं हसू माझ्या आयुष्यात मी कमावलं नव्हतं. आशाताई हसल्या नाहीत. "काऊन केलं काका असं?" एवढं म्हणाल्या आणि पुढच्या घरी गेल्या.

मी चिठ्ठी काढून खिशात घातली.

मुलगी आली तेव्हा टाकी रिकामी फिरत होती. मधोमध ओली वाटी. माणसं अजून पांगली नव्हती, म्हणून मी म्हणालो, "ये व ये. तुह्या पहाडावरचा पूर ओसरला. कोरडा दिवस हाय न आज, सरकारी माणूस डोक्यावर बसला." तिनं खांबाकडे पाहिलं. चिकटपट्टीचे दोन तुकडे तिथंच होते. मग मोटर बंद केली आणि टाकी पूर्ण थांबेपर्यंत उभी राहिली. थांबल्यावर दांड्यावरचा मोबाईल काढला, त्यावर बोट फिरवलं आणि खिशात ठेवला.

मग ती बादल्या वाहू लागली. बायकोही लागली. मीही लागणार होतो, पण बायकोनं माझ्या हातातली बादली घेतली. पाणी वरच्या टाकीतलं, हाताला कोमट लागत होतं. वाटीला बुडबुडे चिकटले. ते तिनं पक्ष्याच्या पिसानं एकेक काढले. आणि बूच, एकदा उघडलेलं रबर, पुन्हा घट्ट बसेना. थेंब थेंब गळत राहिलं. मी एम-सील लावलं, ते ओल्यावर धरलं नाही. पाणी भोकाकडे ओढलं जात होतं. कपटा टाकला की तो हळूहळू भोकाच्या बाजूला निघायचा. साडेचारला तिनं खडा सोडला. रंग वाटीपर्यंत गेला, वाटीवरच पसरला, आणि सगळी टाकी जांभळी झाली. तेच तिनं पाठवलं.

सरांचं उत्तर दोन ओळींचं आलं. मेहनत दिसते, पण प्रवाह दिसत नाही. शुभेच्छा. जागा दुसऱ्या नावाला गेली.

मी दोन दिवस नीट जेवलो नाही, हे खरं आहे. आणि तिसऱ्या दिवशी, ती आता पुण्याला जात नाही, घरीच राहते, हे मनाशी म्हणून पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं, हेही खरं आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, असं बायको म्हणत राहिली. मी मात्र तसं कधी म्हणालो नाही. वर्षभरात मुलीनं सावंगीच्या बाजूला एका खोलीत बारावीच्या पोरांचा फिजिक्सचा क्लास सुरू केला. आणि मी गोष्ट सुरू केली. एकेका लग्नात गोष्टीला एकेक पीस फुटलं. आशाताईंचा इन्स्पेक्टर झाला, त्याला मिशी आली, मग काठी आली. खांबावरची चिठ्ठी गोष्टीत कधीच आली नाही. मुलगी समोर बसलेली असायची, कुणी म्हणायचं, "खरंच का व?" आणि ती मान हलवायची.

गेल्या उन्हाळ्यात देवळीला पुतण्याचं लग्न होतं. तिथं मी इन्स्पेक्टरला मोटारसायकलवरून आणलं. फार चांगलं झालं. परतताना एस.टी.त बायको पुढे बसली होती, आम्ही दोघं मागच्या बाकावर. मुलीनं इअरफोनची एक बाजू माझ्या कानात घातली. मला वाटलं गाणं आहे.

मोबाईलवर पाणी होतं. स्वच्छ, स्थिर, मधोमध वाटी. कडेला माणसांचे पाय फिरत होते. मग आशाताईंचा आवाज. राहू द्या काका, फिरत्या पाण्यात अळी नाई होत. मग माझा. कायदा म्हणजे कायदा. एक हात आत आला, गेला. पुन्हा आला, गेला. तिसऱ्यांदा आला. त्या हाताची अंगठी मी ओळखली.

मेडिकलला जाताना ती मोबाईल चालू ठेवून गेली होती. पाण्याची चाचणी म्हणून.

"कधीपासून हाय तुह्याजवळ?" मी विचारलं. प्रश्न कसला, मला माहीत होतं.

"त्याच दिवसापासून." तिनं माझ्या कानातली गुंडी काढून घेतली, वायर गुंडाळली. "तुमची गोष्ट चांगली होत चालली, बाबा. आशाताईले गाडी बी घेऊन देली तुमी."

वर्धा येईपर्यंत आम्ही खिडकीतून बघत बसलो.

त्यानंतर आठवडाभरानं तिच्या क्लासमध्ये एक टाकी आली. माझ्याकडून नाही. माझ्या दुकानासमोरच्याच रांगेत एक दुसरा पत्रेवाला आहे, त्याच्याकडून तिनं करून घेतली. तो मुद्दाम मला दाखवायला घेऊन आला. मी आत हात घालून बुडावरून बोटं फिरवली. भोक नव्हतं. झाळ जरा जाड होती, पण काम साफ होतं. "पोरगी म्हणे, फक्त एवढंच लक्षात ठेवा," तो म्हणाला.

वायपरची मोटर मात्र तिनं आमच्याच शेडमधून नेली. तीही मला न विचारता.

ज्या दिवशी ती पोरांना तो प्रयोग दाखवणार होती, त्या दिवशी बायकोनं डबा दिला आणि मी तो घेऊन गेलो. दार अर्धं उघडं होतं. पंधरावीस पोरंपोरी टाकीभोवती उभी, आणि ती स्टुलावर. मला पाहून ती बाहेर आली, डबा घेतला.

मी म्हणालो, "मले बी पाहू दे न एकदा. इतक्या वर्षांपासून सांगून राह्यलो, पाह्यलं कधीच नाई."

रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी काहीतरी बोलून तिला हसवलं असतं.

"तुमी आत आले की पोरं हसतात, बाबा," ती म्हणाली. "पाणी आताच लागलं हाय. तुमी बाहेर बसा."

दार तिनं आतून लावून घेतलं.

बाहेर चपला काढायला एक बाकडं आहे, त्यावर मी बसलो. आत काहीच आवाज नव्हता. वीस बारावीची पोरं गप्प उभी राहू शकतात, हे मला खरं वाटत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला, "आता वेग कमी करून राह्यली. कोणी हलू नका." मग एक पोरगी दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, वळला. पाहा न, वळला." आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडल्यासारखा आवाज आला.

हसलं कुणी नाही. मी दाराकडे तोंड करून बसलो होतो, आणि दार काही उघडलं नाही.